व्ही-६० वर आईस्ड कॉफी पाणचट का होते आणि नीट कशी करायची

प्रश्न असा आलाय: घरी व्ही-६० ड्रिपर (कागदाचा फिल्टर बसवून वरून गरम पाणी ओतायचा शंकूसारखा पेला) आहे, गरम कॉफी मस्त जमते, २० ग्रॅम पावडर आणि ३०० ग्रॅम पाणी, पण तीच कॉफी ग्लासभर बर्फावर ओतली की पाणचट लागते, पाणी कमी करून बघितलं तर आंबट लागते, फ्रिजमध्ये गार करून बघितली तर शिळी लागते, मग नक्की करायचं काय. आणि मागे दोन शेपट्या: दूध घातलं तर चालेल का, आणि सकाळी करून बाटलीत ऑफिसला नेता येईल का. मी कॉफी रोस्ट करतो आणि ब्रूइंग शिकवतो, एप्रिल लागला की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच, त्यामुळे एकदा नीट बसून लिहितो, जरा लांबेल.

थोडक्यात हवं असेल तर एवढंच, की बर्फाला रेसिपीतलं पाणीच धरा. जेवढा बर्फ घालणार तेवढं गरम पाणी आधीच कमी करायचं, आणि पाणी कमी केलं म्हणून उरलेल्या पाण्याकडून जास्त काम करून घ्यायचं. पहिला अर्धा भाग बहुतेकांना माहीत असतो, दुसरा विसरतात, आणि तुमची कॉफी आंबट झाली ती तिथेच.

आधी पाणचटपणाचं बघू, शाळेतलंच फिजिक्स आहे. ३०० ग्रॅम पाणी ओतलं की त्यातलं साधारण ४० ग्रॅम चोथाच पिऊन बसतो, एक ग्रॅम पावडर जवळपास दोन ग्रॅम पाणी धरून ठेवते. खाली सर्व्हरमध्ये, म्हणजे ड्रिपरखालच्या भांड्यात, येते २६० ग्रॅम कॉफी, आणि सगळं होईपर्यंत ती असते ७० डिग्रीच्या आसपास. एक ग्रॅम पाणी एक डिग्रीने गार करायला त्यातून एक कॅलरी काढावी लागते, म्हणजे ही सगळी कॉफी शून्यापर्यंत आणायला १८,२०० कॅलरी. घरच्या फ्रीझरमधला बर्फ उणे १८ ला असतो असं धरा, तो शून्यावर यायला ग्रॅममागे ९ कॅलरी घेतो आणि वितळायला ८०, झाले ८९. भागाकार केला की कळतं, २०० ग्रॅमच्या वर बर्फ वितळतोय. म्हणजे तुमची २६० ग्रॅमची कॉफी ४६० ग्रॅमची झाली, मग ती पाणचट लागणार नाही तर काय होणार. पावडर चांगली आहे, ओतणं चांगलं आहे, हिशोबच चुकलाय.

आता हाच हिशोब उलट बाजूने. एकूण पाणी ३०० च ठेवा पण त्यातलं १८० ग्रॅम गरम आणि १२० ग्रॅम बर्फाच्या रूपात, आणि बर्फ आधीच खाली सर्व्हरमध्ये. चोथ्याने ४० ग्रॅम ठेवून घेतले, खाली आले १४०, ते ड्रिपरमधून थेंब थेंब थेट बर्फावर पडतायत म्हणून जरा जास्त गरम धरू, ७५ डिग्री. शून्यावर आणायला लागणार १०,५०० कॅलरी, आणि १२० ग्रॅम बर्फ वितळताना घेऊ शकतो १०,६८०. म्हणजे जवळपास सगळा बर्फ वितळतो आणि कॉफी गारेगार होते. सगळीकडे जे ६०-४० चं प्रमाण वाचायला मिळतं ते असं आलेलं आहे, कोणाच्या मनात आलं म्हणून नाही. प्रत्यक्षात काच गरम असते, खोली गरम असते, उलट कॉफी पडता पडता थोडी गारही होते, त्यामुळे घरी थोडं इकडेतिकडे होतं पण फार नाही.

हे सगळं सुरळीत झालं की नाही ते सर्व्हरमध्ये बघूनच कळतं. शेवटचा थेंब पडल्यावर सर्व्हर गोल हलवा, बर्फाचे कडा झिजलेले दोन-चार बारके तुकडे तरंगत असले आणि काचेला बाहेरून दव धरलं असेल तर काम फत्ते. बर्फ सगळा गायब आणि कॉफी नुसतीच कोमट गार असेल तर एकतर बर्फ कमी पडला किंवा तो ओला होता. ओला म्हणजे काय, तर ट्रे आधीच बाहेर काढून ठेवला, मग पावडर दळली, मग किटली लावली, तोवर बर्फ शून्यावर येऊन पाझरायला लागला. असा बर्फ वजनाला १२० भरतो पण त्यातले १५-२० ग्रॅम आधीच पाणी झालेलं असतं, ते पाणी कॉफी पातळ करतं आणि गार जवळजवळ काहीच करत नाही. म्हणून बर्फ सगळ्यात शेवटी काढायचा, पाणी उकळल्यावर. विदर्भात मे महिन्यात स्वयंपाकघर ४० डिग्रीला असतं तिथे तर अगदी ओतायच्या आधी काढा आणि १३० ग्रॅम घ्या.

आता आंबटपणा. गरम कॉफीत एका ग्रॅम पावडरीला १५ ग्रॅम पाणी मिळत होतं, आता मिळतंय ९. कमी पाण्यात पावडरीतला ऐवज कमी उतरतो. पावडरीच्या वजनाच्या साधारण १८ ते २२ टक्के पाण्यात उतरलं की चव बसते, हे माप अमेरिकेत १९५० च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट ह्यांच्या कामातून आलं आणि अजूनही आम्ही लोक तेच वापरतो, वाद घालत घालत का होईना. आणि उतरण्याचा क्रम ठरलेला असतो, आंबट आणि फळांसारखी चव पटकन येते, गोडवा त्याच्या मागून, कडवटपणा सगळ्यात सावकाश. तुम्ही पाणी कमी केलंत पण दळण, तापमान, वेळ सगळं तेच ठेवलंत तर गाडी आंबट स्टेशनवरच थांबणार. वर गार पेयात गोडवा जिभेला मुळातच कमी जाणवतो, त्यामुळे गरम असताना जो आंबटपणा संत्र्यासारखा छान वाटत होता तो गार झाल्यावर कच्च्या कैरीसारखा वाटायला लागतो.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकदम करायचे. दळण बारीक, पाणी कडक गरम, आणि ब्लूमला, म्हणजे पहिल्या थोड्या पाण्यात पावडर भिजू देण्याला, जास्त वेळ.

दळणाबद्दल जरा थांबतो कारण ऐंशी टक्के मामला तोच आहे. तुमच्या हँड ग्राइंडरवर गरम व्ही-६० साठी जी सेटिंग आहे तिथून दोन-तीन क्लिक (सेटिंगच्या चाकाचे टप्पे) बारीक. नंबर सांगत नाही कारण दोन सारख्या मॉडेलच्या ग्राइंडरवर पण क्लिक जुळत नाहीत. हाताला सांगायचं तर गरम कॉफीचं दळण जाड रव्यासारखं लागतं, ह्याला बारीक रव्याच्या जवळ जा, पण मैदा नको. एस्प्रेसोसारखं दळलंत तर कागद चोक होतो, पाणी वर तळं करून बसतं आणि चार-पाच मिनिटांनी जे खाली येतं ते कडू आणि तोंड कोरडं करणारं. मिक्सरमध्ये दळणाऱ्यांना राग येईल पण सांगतो, मिक्सर अर्धी पावडर पीठ करतो आणि अर्धी खडे ठेवतो, एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही येतं आणि मग लोक बियांना शिव्या घालतात. ग्राइंडर नसेल तर रोस्टरकडूनच दळून घ्या आणि सांगा की पोअर-ओव्हरच्या (म्हणजे व्ही-६० सारखी वरून पाणी ओतून करायची कॉफी) जरा बारीक, एरोप्रेससाठी देता तशी. ते बरोबर समजतात.

पाणी उकळतं घ्या, सरळ उकळलं की ओता, थर्मामीटर वगैरे काही नको. गरम कॉफीसाठी लोक ९२-९३ वर आणतात ते इथे करू नका. पुण्यात तसंही पाणी ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला, आणि किटलीतून ड्रिपरपर्यंत जाताना आणखी उतरतं. फक्त रोस्ट डार्क असेल तर उकळी थांबल्यावर मिनिटभर थांबा.

आता करायचं कसं ते ओळीने सांगतो. ड्रिपरमध्ये कागद बसवा, शिवण दुमडून, आणि तो दुसऱ्याच भांड्यावर ठेवून उकळतं पाणी ओतून धुवून घ्या. दुसरं भांडं म्हणतोय ते मुद्दाम, कारण सर्व्हरवरच धुतलंत तर सर्व्हर तापतो आणि मग त्यात बर्फ घातला की तो तिथेच पाझरायला लागतो. ड्रिपर सिरॅमिकचा असेल तर दोनदा धुवा, तो खूप उष्णता पितो आणि आपल्याकडे गरम पाणी आधीच कमी आहे. खरं सांगायचं तर ह्या कामाला सगळ्यात स्वस्त असलेला प्लॅस्टिकचा व्ही-६० सगळ्यात चांगला, तो स्वतः तापायला फारसं काही घेतच नाही. सिरॅमिक दिसतो छान, तांब्याचा आणखी छान, पण चव प्लॅस्टिकमध्ये येते. मग पावडर घाला, २० ग्रॅम, सपाट करा, मध्ये बोटाने छोटा खड्डा. आता फ्रीझर उघडा, सर्व्हरमध्ये १२० ग्रॅम बर्फ मोजा, वर ड्रिपर ठेवा, काटा शून्य करा.

पहिलं पाणी ५० ग्रॅम, पावडर सगळी भिजली पाहिजे, आणि ड्रिपर उचलून हलकेच गोल फिरवा म्हणजे कोरडे खिसे राहत नाहीत. पावडर ताजी असेल तर फुगते, बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय. गरम कॉफीला ३० सेकंद थांबतो तिथे इथे ४५ सेकंद थांबा. मग १०० ग्रॅमपर्यंत ओता, बारीक धारेने मधून बाहेर गोल गोल. पाणी जवळपास पावडरीच्या पातळीला उतरलं की, म्हणजे साधारण १ मिनिट २० सेकंदाला, १४० पर्यंत, आणि मग १ मिनिट ५० सेकंदाच्या आसपास १८० पर्यंत. शेवटच्या ओतण्यानंतर पुन्हा एकदा ड्रिपर हलका फिरवा म्हणजे बाजूच्या कागदाला चिकटलेली पावडर खाली बसते. अडीच ते तीन मिनिटात थेंब थांबले पाहिजेत. एकदम १३० ग्रॅम ओतून मोकळे होऊ नका, छोट्या छोट्या हप्त्यात ओतायचं कारण दर हप्त्याला ताजं कडक पाणी पावडरीला भेटतं, आणि कमी पाण्यात जास्त काढायचं असेल तर तोच मार्ग आहे.

झाल्यावर ड्रिपरमध्ये डोकावून बघा. चोथा सपाट बसलेला असला तर उत्तम. एका बाजूला खड्डा पडला असेल तर धार एकाच जागी पडत होती. वर चिखलासारखा गुळगुळीत थर आणि वेळ चार मिनिटाच्या पुढे, तर दळण एक क्लिक जाड करा. दोन मिनिटाच्या आतच संपलं तर बारीक करा.

सर्व्हरमधली कॉफी नीट हलवा. हे विसरू नका, कारण पहिला दाट अर्क तळाला बसतो आणि बर्फाचं पाणी वर राहतं, न हलवता ओतलं तर पहिला ग्लास पाणी आणि दुसरा ग्लास काढा. मग ज्या ग्लासात पिणार त्यात नवीन बर्फ, मोठे खडे, आणि वर कॉफी. सर्व्हरमध्ये मध्यम खडे आणि ग्लासात मोठे, हा फरक ठेवा, कारण सर्व्हरमध्ये बर्फ पटकन वितळून कॉफी झटकन गार करायला हवा आणि ग्लासात तो टिकायला हवा. चुरा बर्फ दोन्हीकडे नको, त्याच्या अंगावरच भरपूर पाणी असतं.

झटकन गार करण्यावर एवढा जोर का, तर तुमचा फ्रिजचा प्रयोग. गरम कॉफी तासभर टेबलावर आणि मग फ्रिजमध्ये, ह्या सगळ्या वेळात सुगंध उडून जातो, आणि कॉफी जितका वेळ गरम राहते तितकं तिच्यात क्विनिक ॲसिड वाढत जातं, ऑफिसच्या मशीनवर तासन्‌तास गरम ठेवलेल्या कॉफीला जी तुरट आंबटशी चव असते ती हीच. बर्फावर थेंब पडला की सेकंदात गार होतो, सुगंध पेयातच अडकतो. जपानमध्ये ही रीत जुनी आहे म्हणून ह्याला जपानी आईस्ड कॉफी म्हणतात, इंग्रजीत फ्लॅश ब्रू पण म्हणतात. कोल्ड ब्रू वेगळं, ते गार पाण्यात १२ ते १८ तास भिजवून करतात, ते गुळगुळीत, चॉकलेटी, कमी आंबट होतं पण फुलाफळांचा वास त्यात फारसा येत नाही कारण तो काढायला गरम पाणीच लागतं. कोणतं चांगलं ह्यावर भांडायची गरज नाही, पण महागडी फ्रूटी कॉफी आणून तिचं कोल्ड ब्रू करणं म्हणजे मला तरी पैसे वाया घालवणं वाटतं.

मग कॉफी कुठली घ्यायची. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी पावडर ह्यात चालणार नाही. ती स्टीलच्या फिल्टरसाठी आणि दुधासाठी बनवलेली असते, कागदात चोक होते आणि बर्फावर नुसती कडू काळी लागते. पाकिटावर रोस्टची तारीख असलेली, शंभर टक्के अरेबिका, लाइट किंवा मीडियम रोस्ट बघा, रोस्ट होऊन दहा दिवस ते महिनाभर झालेली. चिकमगळूर, कोडगू, बाबाबुडनगिरी, बिळिगिरिरंगन टेकड्या, अराकू, कुठलीही चालेल. एस-७९५ हे आपल्याकडचं जुनं, सगळीकडे मिळणारं वाण आहे, वॉश्ड (फळाचा गर धुवून काढून वाळवलेलं) असेल तर बर्फावर स्वच्छ आणि जरा मसालेदार लागतं. नॅचरल (अख्ख्या फळासकट वाळवलेली) किंवा हनी प्रोसेस (साल काढून चिकट गरासकट वाळवलेली) मिळाली तर आधी ती घ्या, ती मुळातच गोडसर असते आणि गार झाल्यावर गोडवा हरवायचा जो प्रॉब्लेम वर सांगितला तो हिच्यात कमी जाणवतो. मान्सून्ड मलबार (पावसाळी दमट वाऱ्यात मुरवलेली कॉफी) मला गरम आवडते पण बर्फावर ती सपाट लागते, आंबटपणा जवळपास नसतोच त्यामुळे चवीला उठावच नाही. डार्क रोस्ट गार झाली की जळक्या राखेसारखी चव पुढे येते, ती दुधासाठी ठेवा. आणि एक, रत्नागिरी इस्टेट नावाची कॉफी दिसली तर कोकणातली समजून खूश होऊ नका, ती कर्नाटकातली आहे. आपल्याकडची हवी असेल तर अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला पिकते, गेलात तर आणा, पण ती तिथे जाऊनच मिळते बहुतेक.

पाणी आणि बर्फ ह्याच्याकडे लोक अजिबात लक्ष देत नाहीत आणि इथे तर ४० टक्के पाणी बर्फाच्या रूपात आहे. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, ते कॉफीतलं ॲसिड मारून टाकतं, कॉफी खडूसारखी लागते. उलट आरओचं पाणी फार हलकं असतं, त्यात चव काढायला क्षारच नसतात, कॉफी पोकळ आणि टोचणारी होते. स्पेशालिटी कॉफीवाल्यांचं माप टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १५० च्या आसपास आहे, ७५ ते २५० चालतं. मुंबईचं नळाचं तलावातलं पाणी गाळून उकळून घेतलं की साधारण बरं काम करतं. बोअर असेल तर आरओत थोडं साधं फिल्टर केलेलं बोअरचं पाणी मिसळून टीडीएस मीटरवर बघा, मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. आणि ज्या पाण्याची कॉफी त्याच पाण्याचा बर्फ.

बर्फाचा वास घ्या एकदा, खरंच, खडा नाकाशी धरा. ज्या फ्रीझरमध्ये बोंबील, कोळंबी किंवा आल्या-लसणाची पेस्ट आहे तिथला आठवडाभर उघडा पडलेला बर्फ कॉफीत काय वास सोडतो ते वेगळं सांगायला नको. झाकणाचा ट्रे घ्या किंवा गोठला की खडे काढून झिपलॉकमध्ये भरा. बाहेरून बर्फ आणत असाल तर खाण्याचाच आणा, महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, त्यामुळे निळसर दिसला तर तो मासळी आणि माल गार ठेवायचा आहे, आपल्या कामाचा नाही. आणि बर्फ मोजताना खडे मोजू नका, वजन करा, प्रत्येक ट्रेचा खडा वेगळ्या वजनाचा असतो.

चव घेतल्यावर काय बदलायचं ते असं. आंबट आणि पातळ, मागे काहीच रेंगाळत नाही: एक-दोन क्लिक बारीक दळा, बाकी काही हलवू नका. कडू आणि जीभ कोरडी पडते: एक क्लिक जाड करा, किंवा शेवटच्या ओतण्यानंतर ड्रिपर फिरवणं सोडा. चव छान आहे पण हलकी वाटते: दळणाला हात न लावता पावडर २२ ग्रॅम करा. चव छान आहे पण फार स्ट्राँग: ग्लासात थोडा बर्फ जास्त घाला, ते वितळेलच. एका वेळी एकच गोष्ट बदला नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. मी शिकवताना बघतो, लोक दळण पण बदलतात, पाणी पण बदलतात, पावडर पण वाढवतात आणि मग म्हणतात रेसिपीच चुकीची आहे.

सामानाचं पटकन. कलिटा वेव्ह ह्या दुसऱ्या ड्रिपरवर हीच रेसिपी चालते, सपाट तळामुळे ती जरा माफ करणारी आहे, नवशिक्याला सोपी. केमेक्सचा (ड्रिपर आणि सर्व्हर एकत्र असलेलं काचेचं भांडं) कागद जाड असतो त्यामुळे दळण गरमच्या सेटिंगच्या जवळच ठेवा नाहीतर वेळ खूप लागेल. गूसनेक, म्हणजे लांब बारीक वळलेल्या चोचीची, किटली असेल तर उत्तम, नसेल तर उकळतं पाणी चोच असलेल्या छोट्या स्टीलच्या जगात घेऊन ओता, फक्त जग आधी गरम करून घ्या. सर्व्हर बोरोसिलिकेट काचेचाच हवा, साधी काच बर्फ आणि उकळती धार एकदम सोसत नाही, तडकते, आणि तडकलेली दिसली तर कॉफीसकट फेका. काचेचा सर्व्हर नसेल तर स्टीलचं छोटं पातेलं घ्या, तडकायची भीती नाही, फक्त बाहेरून दव धरून काट्यावर पाणी गळतं म्हणून खाली रुमाल घालून मग काटा शून्य करा. काटा भिजून आकडे नाचायला लागले की सगळी मेहनत गेली. स्टीलच्या साऊथ इंडियन फिल्टरचं पण विचारतात लोक, त्याखाली बर्फ ठेवून होईल का, होतं काहीतरी, पण थेंब इतके सावकाश पडतात की तोवर बर्फ हवेनेच वितळतो. त्याचं डिकॉक्शन (दाट अर्क) आधी काढून मग बर्फ आणि दुधावर ओता, ते मस्त लागतं, पण तो वेगळा पदार्थ आहे.

दुधाकडे येऊ. वरच्या रेसिपीत दूध घातलं तर पुन्हा पाणचट, कारण दूध म्हणजे पण पाणीच. दूध घालायचं असेल तर गरम पाणी १४० आणि बर्फ ८० करा, पावडर २० च, रोस्ट मीडियम किंवा डार्क, आणि वरून ६०-७० मिली फ्रिजमधलं थंड फुल क्रीम दूध. लाइट रोस्ट फ्रूटी कॉफीत दूध घालू नका, ते फाटल्यासारखं लागतं. आणि आपल्या घराघरातली मिक्सरमध्ये फेसाळ केलेली, आईस्क्रीमचा गोळा घातलेली कोल्ड कॉफी हवी असेल तर तिला इन्स्टंट पावडरच बरी, खरंच, पोअर-ओव्हरची मेहनत तिथे कळतच नाही.

साखर गार कॉफीत विरघळत नाही, तळाला खरखर बसते. साखर आणि पाणी समप्रमाणात गरम करून पाक नाही, नुसतं विरघळवून गार करून बाटलीत भरा, फ्रिजमध्ये आरामात टिकतं, लागेल तसं चमचा चमचा घाला. गुळाचं केलंत तर डार्क रोस्टबरोबर छान जातं, लाइटबरोबर नको. ह्याशिवाय दोन गोष्टी करून बघण्यासारख्या आहेत. एक म्हणजे शहाळ्याचं थंडगार पाणी, बर्फावर अर्धा ग्लास शहाळं आणि त्यावर हळूच दाट कॉफी, नॅचरल प्रोसेसची असेल तर फारच छान. दुसरं म्हणजे कोकम आगळ, अगदी अर्धा चमचा, वर सोडा आणि कॉफी, पण आगळात मीठ असतं म्हणून जपून, आणि कोकम सरबताचा गोड सिरप असेल तर वेगळी साखर घालू नका. लिंबू घातलेली कॉफी कोणाकोणाला आवडते, मला नाही आवडत.

राहिलं ऑफिसच्या बाटलीचं. नेता येते, पण एक करा, सर्व्हरमधला उरलेला बर्फ गाळून काढा, मग तोंडापर्यंत भरा, बाटलीत हवा जितकी कमी तितका वास टिकतो. थर्मास घेतलात तर आधी त्यात बर्फाचं पाणी घालून पाच मिनिटं गार करा आणि तो चहाचा थर्मास नसावा, रबरी रिंगेतला मसाल्याचा वास जात नाही. सकाळी भरलेली दुपारपर्यंत चांगली लागते, फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी पण पिण्यासारखी असते पण वास निम्मा झालेला असतो. दूध मात्र घरून घालून नेऊ नका, तिथेच घाला. आणि रोज दोघांसाठी करायची असेल तर ३० ग्रॅम पावडर, २७० पाणी, १८० बर्फ, मोठा ०२ नंबरचा ड्रिपर, दळण एक क्लिक जाड कारण पावडरीचा थर उंच होतो आणि पाणी उतरायला वेळ लागतो. ४० ग्रॅमच्या पुढे व्ही-६० वर जाऊ नका, दोनदा करा.